स्टार्टरपाशी कोण?

माझा भाऊ महिपती निमगावात आमच्याकडे आला की आमच्या ह्यांना फार आनंद होतो, कारण त्या दिवशी घरातलं काहीतरी फुकटात दुरुस्त होतं. फाटकाची बिजागरी, ठिबकचा फिल्टर, गोठ्यातली गळकी तोटी. दादा एसटीतून उतरतो, पिशवी पडवीत टाकतो आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊनच बागेकडे चालायला लागतो. बस म्हटलं तर ‘बसतो की’ म्हणतो आणि उभाच राहतो. त्याचा चहा मी हल्ली बागेतच नेते. डाळिंबाच्या दोन ओळींमधून तो पुढे आणि कपबशी घेऊन मी मागे, अशी आमची वरात निघते.

‘आरं टेक की जरा बूड,’ मी ओरडते.

‘टेकतो, टेकतो,’ असं म्हणत तो ठिबकची नळी उचलतो आणि तिची छिद्रं तपासायला लागतो.

एक सबंध वर्ष हे असं चाललं होतं. आधी तो असा नव्हता. शांत होता असं मी म्हणणार नाही, शांतपणा आमच्या घराण्यात कुणाला मिळालेलाच नाही. आधी तो बडबड्या होता, आणि काम होण्याआधीच ते झालं म्हणून सांगायची त्याला खोड होती. आईने विचारावं, म्हशीला पाणी दाखवलं का? ‘दाखवलं,’ म्हणायचं आणि मग बादली घेऊन धावायचं. तो खोटारडा नव्हता. आपण करणार आहोत म्हणजे ते झाल्यातच जमा, असा त्याचा स्वतःवर दांडगा विश्वास. बहुतेक वेळा ते होऊनही जायचं, त्यामुळे कधी कुणी त्याला पकडलं नाही. मी पकडायचे, पण धाकट्या बहिणीचं कोण ऐकतो?

कन्हेरीत आमची आणि चुलत्यांची जमीन लागून आहे. आमचे वडील लवकर गेले. त्यानंतर घरात मोठं माणूस म्हणजे चुलते, जोतीरामतात्या. त्यांचा मुलगा गोकुळ दादापेक्षा थोडासाच थोरला. दोघं एका वर्गात, एका सायकलवर, पुढे एकाच दिवशी कारखान्याचे सभासद झालेले. वाटण्या झाल्या तेव्हा जमिनीत बांध पडला, पण विहीर काही मधून कापता येत नाही. ती सामाईक राहिली. दोन्ही घरांचा ऊस, टोमॅटो आणि गायी तिच्याच पाण्यावर.

त्या विहिरीची मोटर आत, अर्ध्या उंचीवरच्या ओट्यावर आहे. स्टार्टर वर, बाभळीखाली पत्र्याच्या पेटीत. खाली मोटरीपाशी गेलेल्या माणसाला ती पेटी दिसत नाही. म्हणून आमच्याकडे जुनी पद्धत अशी, की विहिरीत उतरताना जोडीला माणूस घ्यायचा. तो वर स्टार्टरपाशी थांबतो. खालचा ओरडून विचारतो, बंद आहे का? वरचा पेटीत बघून सांगतो, आहे. त्या शब्दावर खालचा हात घालतो.

अलीकडे प्रत्येक स्टार्टरला ऑटो जोडलेला असतो. लाईट कधी येईल याचा नेम नाही. ऑटो असला की लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते, घरून पळत यावं लागत नाही. सोय मोठी आहे, पण लाईट गेलेली असताना मोटर नुसती थांबलेली असते, ती बंद नसते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दादालाही माहीत होतं.

दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात गोकुळ पंपाची दोरी बदलायला खाली उतरला. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून पाणी गळू नये म्हणून ती दोरी भरलेली असते. जुनी दोरी उकरून काढताना बोटं दांड्याला लागूनच असतात. लाईट गेलेली होती. दादा वर पेटीपाशी उभा राहून फोनवर टोमॅटोच्या व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होता. खालून हाक आली, ‘महिपती, बंद हाय का?’

दादाने कानाचा फोन काढला नाही. ‘बंद हाय, घाल हात,’ तो म्हणाला आणि पुन्हा व्यापाऱ्याकडे वळला. ऑटो बंद करायचाच होता त्याला. बोलणं आटोपलं की लगेच करणार होता. तेवढ्यात लाईट आली.

गोकुळच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी निमगावहून बारामतीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तात्या खाटेशेजारी काठी धरून बसले होते. गोकुळच्या हाताला भलंमोठं पांढरं बांधलेलं. दादा खाटेच्या पायथ्याशी उभा. तात्यांनी विचारलं, ‘झालं कसं ह्ये?’ गोकुळ डोळे मिटूनच म्हणाला, ‘माझीच चूक. न इचारता हात घातला.’ तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि लेकालाच शिव्या घातल्या. एवढा मोठा झालास, अजून अक्कल न्हाय, वगैरे. त्या शिव्या गोकुळने निमूट ऐकल्या. दादाने तोंड उघडलं नाही. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मला वाटलं, तो घाबरलाय.

पंधरवड्यानंतर तो निमगावला आला, बागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडला आणि मग एका झाडाची फांदी धरून त्याने मला सगळं सांगितलं. फोन, हाक, न बघता दिलेलं उत्तर. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, फांदीवरची सुकलेली पानं खुडत होता.

‘मग गोकुळदादा न इचारता हात घातला आसं का म्हणाला?’ मी विचारलं.

‘त्येच तर समजंना मला,’ दादा म्हणाला. ‘धक्क्यानं त्येच्या ध्यानातनंच गेलं आसंल, न्हायतर मला वाचवाय खोटं बोलला आसंल. ध्यानात आसंल तर त्यानं मला सांभाळलं. नसंल तर मी त्येची बोटं बी घालवली आन् चूक बी त्येच्याच डोक्यावर ठेवली. तात्या अजून त्येलाच बोलत्यात, संजे. रोज बोलत्यात. मी हुंबऱ्यात उभा राहून ऐकतोय.’

‘मग सांगून टाक की त्येला.’

‘आन् त्यानं तोंड फिरवलं तर? हीर एक, बांध एक. सकाळ उठून त्येचंच तोंड बघायचंय.’

मला त्याची दया आली आणि रागही आला. राग जास्त आला, खरं सांगायचं तर. मी म्हटलं, आज घरी जाऊन पहिलं हे सांगायचं. तो ‘सांगतो’ म्हणाला. त्याच्या ‘सांगतो’ला काय किंमत हे मला ठाऊक होतं, तरी मी त्याला एसटीत बसवून आले.

त्याने सांगितलं नाही. त्याऐवजी तो गोकुळची कामं करायला लागला. पहाटे जाऊन त्याच्या गायींच्या धारा काढायच्या. स्वतःच्या वैरणीआधी त्याची वैरण कापायची. त्याच्या उसाला खत टाकायचं, दूध डेअरीला पोचवायचं, त्याच्या गोठ्यातलं शेण उचलायचं. गोकुळची बायको वृषाली सुरुवातीला डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, भावजी किती करतात. गावातही दादाचं नाव झालं. भाऊ असावा तर असा, असं लोक बोलायचे. ते ऐकलं की दादा तिथून उठून जायचा.

एका गोष्टीला मात्र तो शिवेना. स्टार्टरला. गोकुळने हात बरा झाल्यावर तोच ऑटो तसाच चालू ठेवला, त्याशिवाय टोमॅटोला पाणी वेळेवर मिळत नव्हतं. दादा पेटीजवळून जायचं झालं तर उसातून वळसा घालून जायचा. त्याच्या वाटणीचं पाणी सोडायला वहिनी जायची. गोकुळला विहिरीत उतरायचं झालं तर वर वृषाली उभी राहायची. आणि दादा तेवढ्या वेळात कुठेतरी गायब. बारामतीला जायचा, काटेवाडीला कुणाच्या तरी गोठ्यावर जाऊन उभा राहायचा, नाहीतर इंदापूरची एसटी धरून माझ्याकडे यायचा आणि माझ्या बिजागऱ्यांना तेल घालत बसायचा. बसायचा कुठला, उभ्यानेच घालायचा.

मी दर वेळी विचारायचे, सांगितलंस? तो म्हणायचा, आता टोमॅटोची लागण उरकू दे. मग म्हणायचा, आता तात्यांचं डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. त्याच्या अंगावर मांस उरलं नव्हतं. मला धाकधूक वाटायची की हा असाच फिरत फिरत एक दिवस कुठेतरी कोसळेल, आणि तरी गोकुळला काही कळणार नाही.

मग एक दिवस वृषालीचा फोन आला. ती मला वन्सं म्हणते, पण त्या दिवशी तिच्या आवाजात मान कमी आणि वैताग जास्त होता.

‘वन्सं, तुमच्या दादाला चार दिस तिकडं घिऊन जावा. आमच्या ह्यांनी काल बादली फेकली गोठ्यात. हे म्हणत्यात, माझ्या घरात मला काय कामच ठेवलं न्हाय. डाव्या हातानं धार काढाय शिकायची म्हणून पहाटं उठत्यात, तर भावजी आधीच धार काढून गेल्यालं. कसं वो करायचं?’

मी दुसऱ्याच दिवशी कन्हेरीला गेले. घरी कुणी नव्हतं, तात्यांनी काठीने रानाकडे बोट दाखवलं.

टोमॅटोची झाडं गुडघ्याच्या वर आलेली. बांबू रोवून तारा ओढलेल्या, आणि प्रत्येक झाड सुतळीने तारेला बांधायचं काम चाललेलं. गोकुळ बांधावर उभा होता आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. वृषाली जरा लांब पाटी धरून थांबलेली. दादा एका ओळीच्या मधोमध, खांद्यावर सुतळीचं बंडल.

‘ह्या गाठी कुणी सोडल्या?’ गोकुळ विचारत होता.

‘ढिल्या हुत्या,’ दादा म्हणाला. ‘वाऱ्यानं झाड पडलं आसतं. म्हणून परत मारल्या.’

‘ढिल्या हुत्या. व्हय. काल सबंध दिवस घालवून एक ओळ बांधली मी. सुतळीचं टोक दातात धरून बांधली. तोंड सोललं माझं. आन् तू सकाळी येऊन सगळ्या सोडल्यास?’

दादा हातातली सुतळी बोटाला गुंडाळत राहिला.

‘धारा काढल्यास, म्या गप बसलो. वैरण आणलीस, गप बसलो. लोकं म्हणत्यात काय भाऊ हाय, त्ये बी ऐकून घेतलं. माझ्या हातानं एक गाठ बसली, ती तरी माझ्यापाशी ऱ्हाऊ दे की! तू माझी सेवा करतुयास का मला पांगळा करतुयास?’

मी मध्ये पडायला पुढे झाले. वृषालीने माझा दंड धरला. चांगला घट्ट धरला, नंतर निळा पडला होता.

दादाने खांद्यावरचं बंडल खाली टाकलं. मग तो तारेखालून वाकून बांधावर आला, गोकुळच्या अगदी समोर, आणि म्हणाला, ‘म्या बघितलं न्हवतं.’

‘काय बघितलं न्हवतंस?’

‘स्टार्टरकडं. तू खालनं इचारलंस बंद हाय का, म्या बघितलं न्हाय. फोनवर हुतो. न बघता बंद हाय म्हणून सांगितलं. तू न इचारता हात घातला न्हवतास, गोकुळ. इचारून घातला हुतास.’

वर्षभर जे वाक्य तो निमगावच्या बागेत घोळवत फिरला, ते एवढंच होतं. मला वाटलं आता गोकुळ त्याच्या कानाखाली वाजवेल, नाहीतर गळ्यात पडेल. त्याने दोन्ही केलं नाही. तो बांधावर खाली बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला.

‘ऐकलं हुतं म्या,’ तो म्हणाला. ‘बंद हाय, घाल हात. चांगलं स्वच्छ ऐकलं हुतं.’

‘मग दवाखान्यात तसं का...’

‘तात्यांनी जल्मात तुझं तोंड बघितलं नसतं. म्हणलं आता गप ऱ्हावं, घरी गेल्यावर महिपती आपनहून सांगंल. घरी आलो. म्हणलं उद्या सांगंल. तू रोज आलास. रोज गाईखाली बसलास. मला वाटायचं आज बोलतोय. तू वैरण टाकून जायचास. वरीस झालं, महिपती. बोटाचा राग मला कवाच न्हाय राहिला. फोनवर माणूस चुकतो, उद्या मी बी चुकंन. पर तू सांगितलं न्हाईस. रोज तोंडाम्होरं येऊन सांगितलं न्हाईस. आता मी खालनं हाक मारली आन् तू हाय म्हणलास, तर म्या काय समजायचं?’

  गोकुळ उठला, बंडल उचललं आणि सोडलेल्या ओळीत पहिल्या झाडापासून पुन्हा बांधायला बसला. जाता जाता मागे न बघता म्हणाला, ‘तात्यांना तूच सांग. आता मी खोटं वागवणार न्हाय.’

दादाने त्याच दिवशी तात्यांना सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘ऊठ माझ्या ओसरीवरनं’ एवढंच म्हणाले. हे मला दादाने फोनवर सांगितलं, मी निमगावला परतल्यावर. सांगतानाचा त्याचा आवाज वर्षभरात पहिल्यांदा मोकळा होता. जवळजवळ खुशीत होता म्हणा ना. तात्यांनी हाकललं संजे, चांगलं केलं त्यांनी, मला असंच पायजे हुतं, असं तो पुन्हा पुन्हा बोलायला लागला, आणि माझं डोकं फिरलं.

‘चांगलं केलं काय?’ मी म्हटलं. ‘तुला आता हाकलून घ्यायची गोडी लागली व्हय? शिक्षा झाली म्हंजे सुटलास आसं वाटतंय का तुला? आरं, वरीसभर तू स्वतःला एवढा वंगाळ ठरवून बसलायस की कुणाच्या उपेगाचा राहिला न्हाईस. स्टार्टरला कोण जातंय? वहिनी जातीया. गोकुळदादा खाली उतरला की वृषाली उन्हात उभी ऱ्हाती. चूक तू केलीस आन् पाळी त्यांच्यावर आली. मला स्टार्टरला शिवायची भीती वाटती म्हणतोस. गोकुळदादाला खाली उतराय वाटत नसंल का? त्यो उतरतोय की!’

  मग तो म्हणाला, ‘वाटतंया खरं त्येला. उतरताना त्येचं पाय कापत्यात. म्या लांबनं बघितलंय.’

‘लांबनं बघू नको,’ असं म्हणून मी फोन ठेवून दिला. नंतर मला फार लागलं मनाला. भावाला इतकं टाकून बोलायला नको होतं. पण बोलले त्यातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही.

त्यानंतर काही महिने गेले. दादाने गोकुळचं काम करणं सोडलं. बांधावरून एकमेकांना दिसायचे, आला का, गेला का, एवढं बोलायचे. स्वतःच्या वाटणीचं पाणी सोडायला दादा आता स्वतः जायला लागला, असं वहिनीने सांगितलं. पहिल्या दिवशी पेटी उघडायला त्याला इतका वेळ लागला की लाईट येऊन पुन्हा गेली. वहिनी हसून सांगत होती, पण हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. तात्या अजून त्याच्याशी बोलत नव्हते. दादा तरी रोज ओसरीसमोरून जाताना ‘तात्या, येतो’ म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे व्हायचा.

परवाच्या माघात मी वाणाचं म्हणून माहेरी गेले होते. वृषालीने हळदीकुंकू ठेवलं होतं. सकाळी मी तिला वाटाण्याच्या शेंगा सोलू लागत होते, तेवढ्यात गोकुळ रानातून आला. पंप पुन्हा गळायला लागला होता, दोरी बदलायची होती. वृषाली शेंगांची टोपली बाजूला ठेवून उठायला लागली. गोकुळ म्हणाला, ‘तू ऱ्हा. आज बायका येणार हायत तुझ्या.’ आणि दारातूनच पलीकडे दादाच्या घराकडे तोंड करून ओरडला, ‘महिपती! हिरीवर चल.’

पुढे मी त्याला विचारलं, त्या दिवशी का बोलावलंस रे? तो म्हणाला, ‘बायकूला किती दिस उन्हात उभी करू?’ याहून जास्त काही त्याच्याकडून निघालं नाही.

मी दोघांच्या मागे गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण हातातल्या शेंगा तशाच टाकून गेले.  लाईट नव्हती, सगळं शिवार गप्प होतं. गोकुळ पान्हा आणि नवी दोरी कमरेला खोचून लोखंडी शिडीवरून उतरला. त्याचे पाय खरंच कापत होते. दादाने पेटी उघडली, ऑटोचं बटण खाली केलं, मेन स्विच खाली ओढला, झाकण लावलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

खालून हाक आली. ‘महिपती, बंद हाय का?’

दादाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी तिथे दहा पावलांवर उभी, माझ्या जिभेच्या टोकावर ‘आहे’ आलेलं. मी ओठ चावला. हे माझं सांगायचं काम नव्हतं.

‘थांब,’ दादा म्हणाला.  ‘हात घालू नको. आत्ताच बंद केलंय म्या, पर माझ्या मनाला खातरी वाटंना. परत बघून सांगतो.’

‘बघ,’ खालून गोकुळ म्हणाला. ‘म्या बसलोय.’

दादाने झाकण उघडलं. बघितलं. लावलं. विहिरीकडे दोन पावलं आला आणि पुन्हा मागे फिरला. पुन्हा उघडलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, माघातल्या थंडीत. मला वाटलं आता हा पळणार. उसातून वळसा घालून रस्त्याला लागणार आणि मिळेल ती एसटी धरणार. मनातल्या मनात मी त्याला शिव्या दिल्या, हात जोडले, पुन्हा शिव्या दिल्या. खालून गोकुळ घाई करत नव्हता. एकदा खोकला, तेवढंच.

शेवटी दादाने झाकण उघडंच ठेवलं. मेनच्या दांड्यावर तळहात दाबून धरला आणि तिथूनच ओरडला, ‘आता बघतोय म्या. बटण खाली हाय. मेन खाली हाय. बंद हाय, गोकुळ. म्या हितंच हाय.’

‘मग घालू?’

‘घाल.’

मी काठावरून वाकून पाहिलं. गोकुळने उजवा हात, तीन बोटांचा, पंपाच्या दांड्यापाशी घातला आणि जुनी दोरी उकरायला सुरुवात केली. काम वेळखाऊ होतं. एक तुकडा निघायचा, दुसरा अडकायचा. दादा पेटीपाशी उभा होता. अंगावर माशी बसली तरी हलला नाही.

आणि लाईट आली. आधी पलीकडच्या मळ्यातली मोटर घुमली, मग ओढ्याकडची, मग एकेक करत सगळ्या शिवारातल्या मोटरी सुरू झाल्या. दादाने मेनच्या दांड्यावरचा तळहात आणखी दाबला. मी जागच्या जागी डोळे मिटले, आणि मग धीर करून विहिरीत बघितलं.

गोकुळने मान वर केली होती. त्यालाही ते आवाज ऐकू आले होते. त्याने हात बाहेर काढला नाही.